एक रिचार्ज, दोन बागा



परवा रिचार्ज संपत आल्याचा मेसेज आला. मोबाईलचा नव्हे, बागेचा. दादाच्या प्लॉटमध्ये हवामान यंत्र उभं आहे, त्याच्या अ‍ॅपची वर्षाची मुदत. कंपनी त्याला सबस्क्रिप्शन म्हणते, आमच्या घरात सगळे रिचार्जच म्हणतात. वर्षाला ७,००० रुपये. भाऊ दोन, चुली दोन, बागा दोन आणि रिचार्ज एक. या एका रिचार्जवरनं आमच्यात काय काय झालं ते लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दादाला विचारलं, लिहू का? म्हणाला, "लिही की. नाव घालू नगंस, आन् खोटं लिहू नगंस." म्हणून नाव कुणाचंच घालत नाही. कंपनीचंही नाही, कारण चूक तिची नव्हती. आमचीच होती, आणि त्यातली बरीचशी माझी.

आधी जमिनीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं गाव तासगाव तालुक्यातलं. वाटणीत दादाला माळावरची २ एकर आली, मला ओढ्याकाठची दीड. दादाची जमीन मुरमाड, पाणी टाकलं की तासाभरात वापसा. माझी काळी, एकदा भिजली की चार दिवस पाय घालू देत नाही. दोन्हीकडं सोनाकाच आहे, छाटणी चार-सहा दिवसांच्या अंतरानं होते. दोन्ही बागांत अंतर म्हणाल तर बांधाबांधानं चालत दहा मिनिटं. पण माळ वर आणि ओढा खाली. उंचीत फार नाही, दोन-तीन पुरुष असेल. त्या दोन-तीन पुरुषांनीच घात केला.

वाटणी झाली तरी विहीर एकत्र राहिली. सात-बाऱ्यावर दोघांचा हिस्सा आहे. आप्पांनी हयातीतच पाळी लावून दिली होती, आठवड्यातले चार दिवस दादा, तीन दिवस मी, जमिनीच्या मानानं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यामुळं रात्रपाळी कुणाला किती आली याचाही हिशोब आप्पा भिंतीवर कोळशानं लिहीत. त्या विहिरीवरनं आमच्यात आजवर एकदाही आवाज चढलेला नाही. ट्रॅक्टर आणि ब्लोअर दादाचा, डिझेल घालून मी वापरतो. तिथंही कधी कुरबुर नाही.

यंत्र आणलं ते पुतण्याच्या डोक्यानं. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीला आला आणि दादाला पटवून गेला. उन्हाळ्यात दादाच्या बागेच्या मधोमध खांब रोवला. त्यावर तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा मोजायची साधनं, पानासारखा एक चपटा सेन्सर, तो पानावर ओल किती तास राहिली ते सांगतो. खाली बोदात एक आणि दीड फुटावर ओलाव्याचे दोन सेन्सर. हे सगळं मोबाईलवर दिसतं आणि त्यावरनं डाऊनी, भुरी, करप्याचा धोका कमी, मध्यम, जास्त असा हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात येतो. यंत्राचे पैसे दादानं भरले, पहिल्या वर्षाचा रिचार्जही दादानंच. नोंदणीला नंबर द्यायचा होता तो पुतण्यानं स्वतःचा दिला. ओटीपी पटकन मिळावा म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. आणि दादा मला म्हणाला, "तुला वेगळं घ्यायची काय गरज? बाग काय परक्याची हाय? ह्यातलंच बघत जा."

मला बरंच वाटलं. फुकट मिळालं की कुणाला वाईट वाटतं?

अ‍ॅप एका वेळी दोनच फोनवर चालायचं. एक पुतण्याचा पुण्यातला, दुसरा दादाचा. तिसऱ्यानं उघडलं की पहिल्या दोघांतला एक आपोआप बाहेर. मी एकदा उघडलं तर दादा बाहेर पडला. परत आत यायला ओटीपी पाहिजे, तो पुण्याला गेलेला, पुतण्या लेक्चरमध्ये, त्याचा फोन बंद. त्या दिवशी दादा दुपारपर्यंत बागेत यंत्राच्या खांबाकडं बघत बसला, जणू खांब काही बोलेल. मग ठरलं की मी उघडायचं नाही. पुतण्या रोज स्क्रीनशॉट काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकेल.

त्यात आणखी एक गंमत. दादानं पासवर्ड त्याच्या साडूलाही दिला. साडू जत तालुक्यात, डाळिंबवाला. त्याला आमच्या माळावरच्या द्राक्षाचा डाऊनी बघून काय करायचं होतं देव जाणे. पण पहाटे चारला तो उघडायचा आणि आमचा एक फोन बाहेर. दादाला नाही म्हणवेना, वहिनींच्या माहेरचं माणूस. शेवटी वहिनींनीच बहिणीला फोन करून सांगितलं. त्याच सुमारास पुतण्या म्हणाला होता, "काका, नेटफ्लिक्सनं सुद्धा २०२३ च्या जुलैमध्ये भारतात घराबाहेर पासवर्ड द्यायचं बंद केलं. एक घर म्हणजे एक घर." मी म्हटलं, "आरं बाबा, एक घर म्हणजे काय ते आमच्यात तलाठ्यालाबी सांगता येत नाही. रेशनकार्डं दोन, विहीर एक, देवघर एक, गॅस दोन." तो हसला. पण प्रश्न खराच होता.

आता मुख्य गोष्ट.

तीन हंगामांपूर्वीची. छाटणी १० ऑक्टोबरची. फूट छान निघाली, घड मोजून ठेवलेले, बाग फुलोऱ्यात यायच्या तोंडावर. छाटणीचा ३३वा दिवस. ज्यांनी द्राक्ष केलंय त्यांना हे दिवस सांगायला नकोत. पान आजारी पडलं तर पान जातं, पण या दिवसांत घडाला डाऊनी लागली तर वर्ष जातं. आठवडाभर रात्री निरभ्र, गार, सकाळी ओढ्यावर धुकं. माझा फवारा त्या दिवशी ठरलेला. पण ब्लोअर दादाकडं जोडलेला होता, त्यालाही त्याच दिवशी काम होतं. ओढून घ्यायचा तर घेता आला असता. मागितला असता तर दादानं दिलाही असता.

सकाळी सहा-दहाला ग्रुपवर स्क्रीनशॉट पडला. हिरवा. 'डाऊनी : धोका कमी'.

मी बागेत होतो. बायको तिकडनं ओळीतनं आली. पदर भिजलेला, हातात दोन पानं. म्हणाली, "अहो, पानाला हात लावला की पाणी निथळतंय. काल साडेनऊपर्यंत दव सुकलं न्हवतं. आज मारून घ्या." मी तिला फोन दाखवला. म्हटलं, "हे बघ. अ‍ॅप म्हणतंय धोका कमी. एवढं हजारो रुपयाचं यंत्र खोटं आणि तुझा पदर खरा काय?"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. ते मला त्यानंतर किती वेळा ऐकू आलं याची गणती नाही. तिनं परत कधी काढलं नाही, हा तिचा मोठेपणा.

फवारा दोन दिवस लांबवला. सहाव्या दिवशी ओढ्याकडच्या चार ओळींत पानावर तेलकट डाग. पान उलटं केलं तर खाली पांढरी. दोन दिवसांत घडांच्या देठावर, कळ्यांवर. मग जे जे मारायचं ते सगळं मारलं, पण घडात शिरलेल्या डाऊनीला कुणी बाहेर काढत नाही. अंदाजानं चौथाई घड कात्रीनं कापून बांधावर टाकले. कापायला चार बाया लावल्या होत्या. त्या एक शब्द बोलत नव्हत्या. बाया गप्प आहेत म्हणजे बागेत मयत झाल्यासारखं असतं.

नंतर शांतपणे तो स्क्रीनशॉट उघडून बघितला. वरचा भाग कापलेला. प्लॉटचं नाव नाही, तारीख नाही, वेळ नाही. पुतण्याला विचारलं. तो स्क्रीनशॉट त्यानं आदल्या रात्री नऊला काढलेला. हॉस्टेलवर नेट गेलं म्हणून पहाटे नेट आल्यावर तो आपोआप सुटला. म्हणजे तो धोका माळाचा होता, आणि रात्री नऊचा होता. आणि माझी बाग ओढ्याची, आणि सकाळ झालेली.

डाऊनीचं काम रात्रीचं. अंधारात, हवा पाण्यानं गच्च भरलेली असली की जुन्या डागाच्या खालून नवे बीजाणू निघतात, आणि मग पानावर, कळीवर पाणी जितके तास टिकेल तितकं त्यांना आत शिरायला फावतं. भुरीला असं पाणी लागत नाही, डाऊनीला लागतंच. म्हणून डाऊनीच्या बाबतीत ओल किती तास टिकली याला महत्त्व. गार हवा जड असते, ती रात्री उतारानं खाली ओढ्यात येऊन साचते, त्यामुळं माझ्याकडं दव लवकर धरतं. आणि ओढ्याच्या पूर्वेला करंजाची रांग आहे, ऊन उशिरा येतं, त्यामुळं सुकतंही उशिरा. माळावर वारा, तिथं साडेसातला पान कोरडं. यंत्रानं माळाचं अगदी खरं सांगितलं होतं. दादाच्या बागेत त्या हंगामात डाऊनीचा एक घड गेला नाही.

यावरनं दादाशी भांडण झालं. मी रागात म्हणालो, "तुझं अ‍ॅप, तुझा पोरगा, आणि माझी बाग गेली." दादा जेवत होता. ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "पैसं मी भरतो, बघतोस तू, आणि शिव्याबी मलाच?" याला उत्तर नव्हतं. मी एक रुपया भरलेला नव्हता. विहिरीच्या मोटरचं वायंडिंग जळलं तर माझे पैसे असतात, म्हणून मला विचारता येतं, मोटर कुणी चालू ठेवली? इथं कुठल्या तोंडानं विचारायचं की स्क्रीनशॉट कापला कुणी?

एवढ्यावर संपलं असतं तरी ठीक. दुसरा घोळ मी केला.

अ‍ॅपमध्ये फवारणीची डायरी असते. औषध, तारीख, प्रमाण टाकलं की ते काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, म्हणजे पीएचआय, मोजून देतं. डाऊनी आल्यावर मी जे मारलं त्याची नोंद कुठं करायची? माझ्या वहीची पानं औषधाच्या हातानं खराब झालेली. पुतण्या सुट्टीला आलेला, त्याला म्हटलं, टाक त्यातच, एकच घर आहे. त्यानं टाकलं. अ‍ॅपला काय माहीत दोन भाऊ आहेत? प्लॉट एकच होता, दादाचा. माझ्या बागेतले तीन फवारे दादाच्या बागेच्या नावावर चढले.

दादाचा माल निर्यातीचा. निर्यातीच्या बागेची नोंदणी अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटवार असते, शेतकऱ्याच्या घरवार नाही. कुठलं औषध चालतं, त्याचा पीएचआय किती, हे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अनेक्श्चर ५ च्या यादीवर बघतात. काढणीच्या आधी व्यापाऱ्याचा माणूस रेकॉर्ड बघायला आला. दादानं अभिमानानं मोबाईल पुढं केला. तो माणूस खाली-वर करून थांबला आणि म्हणाला, "हा फवारा कधी मारला?" दादा म्हणाला, "हा मी मारलाच नाही." तो म्हणाला, "मग रेकॉर्ड खोटं आहे की तुम्ही?"

माझ्या दादाला आजवर असं कुणी बोललेलं नव्हतं. आम्ही खुलासा केला, माझी बाग दाखवली, औषधाच्या पावत्या दाखवल्या. त्यानं ऐकून घेतलं, पण नमुन्याचा रिपोर्ट येईपर्यंत काढणी थांबवली. सहा दिवस. सहा दिवस पिकलेला माल वेलीवर, वर ढग, आणि दादा आभाळाकडं बघत बांधावर. रिपोर्ट स्वच्छ आला, माल गेला, पैसेही मिळाले. पण ते सहा दिवस दादा माझ्याशी बोलला नाही. रागानं नाही. त्याला बोलायलाच होत नव्हतं.

पाण्याचंही असंच होतं, ते थोडक्यात सांगतो. अ‍ॅप रोज सांगतं, आज इतके मिलिमीटर पाणी द्या. १ मिलिमीटर म्हणजे एकरी साधारण ४,००० लिटर, एवढा हिशोब सगळ्यांनी पाठ ठेवावा, उपयोगाचा आहे. ते पाणी किती दिवसांनी आणि किती द्यायचं हे दादाच्या मुरमाचं गणित. तेच मी बायकोला सांगायचो, तेवढा वेळ कॉक चालू ठेव. ती माती मुठीत दाबून बघायची, लाडू वळला की कॉक बंद करायची आणि मला 'दिलं' म्हणून सांगायची. दोन वर्षं ती माझ्याशी खोटं बोलून बाग वाचवत होती हे मला नंतर कळलं. बोदातला ओलावा तिनं एकदा दादाच्या फोनवर बघायला मागितला होता. दादा बँकेत गेलेला, फोन खिशात. माझा फोन असून नसल्यासारखा. बागेत सकाळी सहा ते अकरा ज्या दोघी असतात, माझी बायको आणि वहिनी, त्यांतल्या एकीच्याही हातात कधी ते अ‍ॅप आलं नव्हतं. रिचार्ज घराचा म्हणायचो आम्ही. घरातल्या दोन पुरुषांचा आणि पुण्यातल्या एका पोराचा होता.

मुदत संपायच्या महिनाभर आधी आम्ही सगळे दादाच्या सोप्यात बसलो. मी म्हटलं, मी वेगळं यंत्र घेतो. दादा म्हणाला, कर्ज फेडून झालंय काय? झालेलं नव्हतं. मग वहिनी म्हणाल्या, "विहिरीगत करा की. पाळी लावा, आणि पैसं वाटून घ्या." माझ्या डोक्यात ते कधीच आलं नव्हतं. जे डोळ्यांना दिसतं, ज्याला काठ असतो, त्याची पाळी लावायची आम्हाला सवय. हे मोबाईलमधलं, तर ते कुणाचंही आणि कुणाचंच नाही असं धरलं होतं.

पुतण्यानं एक दाखला दिला, तो मला पटला. त्यानं गुगल वनची साठवण घेतली होती, कारण बागेचे फोटो काढून काढून सगळ्यांचे फोन भरलेले. ते एक सबस्क्रिप्शन घेणारा धरून सहा जणांत वाटता येतं. पैसे एकजण भरतो, पण खातं ज्याचं त्याचं. माझे फोटो दादाला दिसत नाहीत, दादाचे मला नाहीत. तो म्हणाला, "काका, हे वाटून घेणं. आपण अ‍ॅपचं केलं ते वाटून घेणं नव्हतं, ते एकाच्या नावानं चौघांनी वावरणं होतं." पोरगं शहाणं आहे. स्क्रीनशॉट मात्र नीट काढायला शिकलं नाही.

मग कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं. आधी जरा भीती होती, की तुम्ही एकावर दोन बागा चालवता म्हणून बंद करेल. तो म्हणाला, घरातल्यांनी बघायला आमची ना नाही, पण सल्ला ज्या प्लॉटचा त्याच प्लॉटचा. दुसरा प्लॉट जोडायचा तर त्याचे वेगळे पैसे, आणि तिथं सेन्सर नसेल तर मी तुम्हाला रोगाचा अंदाज देणार नाही, फक्त फवारणीची डायरी वेगळी करून देईन. हे त्यानं सरळ सांगितलं म्हणून बरं वाटलं. डायरी आम्ही वेगळी करून घेतली.

नोंदणीचा नंबर बदलला. आप्पांचं जुनं सिम होतं, ते चालू ठेवलं होतं, कारण गॅस आणि वीजबिल अजून त्यावर यायचं. ते एका जुन्या फोनमध्ये घालून फोन सोप्यात खिळ्याला टांगला, चार्जरसकट. ओटीपी तिथंच येतो. तो फोन घराबाहेर न्यायचा नाही. दुसरं लॉगिन वहिनींच्या फोनवर, कारण त्या माळावर असतात. स्क्रीनशॉट बंद. बघितलं की भिंतीवरच्या वहीत लिहायचं, कुठला प्लॉट, किती वाजता बघितलं, ओल किती तास, रंग कुठला. दादा सुरुवातीला म्हणाला, मोबाईलमध्ये असताना वहीत कशाला? चार दिवसांनी तोच आधी वही बघायला लागला.

पैसे विहिरीच्या हिशोबानं. ७,००० चे सात भाग, दादाचे ४,०००, माझे ३,०००. पहिल्या वर्षी मी ३,००० दादाच्या हातात ठेवले तर तो घेईना. वहिनींनी घेतले.

आणि माझ्या बागेसाठी एक काम केलं, ते मात्र अ‍ॅपशिवायचं. फुटीपासून मणी धरेपर्यंत सलग ४२ दिवस बायकोनं सकाळी दव किती वाजता सुकलं ते लिहिलं. ठरलेल्या तीन वेली, एक ओढ्याजवळची, एक मधली, एक वरच्या बांधाची. आतल्या पानाला बोट लावायचं, बोट कोरडं निघालं की वेळ लिहायची. शेजारच्या रकान्यात वहिनी माळावरच्या सेन्सरची सुकल्याची वेळ लिहायच्या. महिनाभरात चित्र स्पष्ट झालं. ढगाळ सकाळी दोन बागांत फरक ४० मिनिटांचा. निरभ्र, गार रात्रीनंतर फरक दोन ते अडीच तासांचा. ओढ्याजवळची वेल सगळ्यात उशिरा. आता आम्ही माळाचा आकडा घेतो, रात्र कशी होती ते बघतो आणि त्यात भर घालून माझ्या बागेचा आकडा धरतो. कृषी अधिकारी साहेबांना वही दाखवली. त्यांनी दहा मिनिटं बघितली आणि फोटो काढून घेतले. म्हणाले, दरवर्षी परत लिहा, कॅनॉपी बदलली की हे आकडे बदलतील. बरोबर आहे. करंजाच्या फांद्या छाटल्यावर बदललेच.

शंकेचं पान दिसलं तर आणखी एक करतो. पान ओल्या कागदासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधारात ठेवतो. डाऊनी असेल तर सकाळी पानाच्या खाली पांढरी उमलते. आमच्या फ्रीजवर पिशवी दिसली की थोरली म्हणते, "आज्जीच्या मोडाच्या मटकीशेजारी ठेवू नका." 

सगळं छान झालं असं नाही. मागच्या वर्षी खिळ्यावरचा फोन फुगला, बॅटरी गेली, दोन दिवस ओटीपी नाही. थोरलीला तो फोन अभ्यासाला पाहिजे असतो, तिला दोनदा ओरडलो, आणि ती म्हणाली, "घरचा आहे ना?" दादा अजून अधूनमधून माझ्या डायरीत डोकावतो आणि म्हणतो, हे औषध लवकर मारलंस. पुतण्याला नोकरी लागली, तो बंगळुरूला गेला. पण सकाळी त्याला तिकडं करमत नाही म्हणून बागेचा रंग बघायला लॉगिन मागत होता. मी म्हटलं, वहीचा फोटो पाठवतो. आणि माझ्या ओढ्याकाठी एक ओल मोजायचा सेन्सर पाहिजेच, हे मला मान्य आहे. बोटाला रात्री एक वाजता दव धरलं का ते कळत नाही. या वर्षी बेदाण्याचे पैसे बरे झाले तर घेईन. तेव्हा रिचार्ज वेगळा करायचा का, यावर घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, करू नका.

परवाचा मेसेज आला तेव्हा मी कामात होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं तिच्या भिशीच्या पैशातनं ३,००० काढून वहिनींकडं देऊन झालेले. मला म्हणाली, "अर्धी बाग मी बघते, रिचार्ज मी भरला. आता पाळी माझी."

कालच सकाळचं सांगतो. पावसाळ्याचं हवामान, एप्रिलच्या काडीवर वरची पानं कोवळी आहेत, छाटणीच्या आधी डाऊनी पानावर ठेवायची नाही म्हणून आम्ही आताही लिहितोच. उजाडायच्या आधी वहिनींचा आवाज भिंतीपलीकडनं आला.

"अगं, माळावर सहा तास ओल दाखवतंय. तुमच्यात किती धरायची?"

बायको दारात उभी राहिली. आभाळ बघितलं. ढग होते.

"पावणेसात धरा, आक्का. आन् भावजींना सांगा, ब्लोअर आधी हिकडं पाठवा."

दादानं ट्रॅक्टर काढला तेव्हा मी अजून दात घासत होतो.